तैमूर नावावरचं भांडण चुकीच्या जागी चाललंय

दर काही महिन्यांनी हा वाद उकरून काढला जातो. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतल्या एका फिल्मी जोडप्याने मुलाचं नाव तैमूर ठेवलं तेव्हा धुरळा उडाला, मग एप्रिल २०२४ मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या मुलाच्या 'जहांगीर' नावावरून ट्रोलिंग एवढं वाढलं की यापुढे छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करणार नाही असं त्यांनी जाहीर करून टाकलं, आणि मधेमधे कुठल्यातरी सेलिब्रिटीला मूल झालं की तीच कमेंट, तोच मीम. एक बाजू म्हणते दिल्लीवर चालून येऊन लाखभर माणसं कापणाऱ्या तैमूरलंगाचं नाव ठेवता, लाज वाटत नाही का? दुसरी बाजू डिक्शनरी काढून बसते, अहो तैमूर म्हणजे लोखंड, किती छान अर्थ आहे! आणि दोन्हीकडच्यांना वाटतं की आपण समोरच्याला गप्प केलं.

मला विचाराल तर दोघंही वाईट भांडतायत. नाव हे कुठल्या एका माणसाच्या मालकीचं नसतं आणि शब्दकोशाच्याही नसतं, ते वापरणाऱ्यांचं असतं, पिढ्यानपिढ्या कोणी कोणी ते पोरांना दिलं आणि त्या पोरांनी मोठं होऊन काय केलं त्यावरून त्याचा अर्थ ठरतो. त्यामुळे तैमूरचा पुतळा, तैमूरच्या नावाचा रस्ता, तैमूरच्या नावाचं मिसाईल यावर पब्लिकने खुशाल तावातावाने भांडावं, तो आपला सगळ्यांचा विषय आहे. पाळण्यातल्या पोराचं नाव हा आपला विषय नाहीये. (आणि त्या दोन मुलांबद्दल मी याहून जास्त काही लिहिणार नाही, त्यांच्यावर पुरेसं लिहून झालंय.)

आता 'तैमूर क्रूर होता' म्हणणाऱ्यांचं खरंच आहे, तिथे पळवाट काढायची नाही. डिसेंबर १३९८ मध्ये दिल्लीच्या लढाईआधी त्याने छावणीतले कैदी मारून टाकले, त्याच्याच घराण्याच्या तवारिखांमध्ये तो आकडा एक लाख दिलाय. आकडा फुगवलेला असेलही, पण दरबारी लेखकाला तो फुगवून लिहावासा वाटला यातच काय ते आलं. मग दिल्ली लुटली, कारागीर धरून समरकंदला नेले. त्याआधी १३८७ मध्ये इराणातल्या इस्फहानने बंड केलं तर सत्तर हजार मुंडक्यांचे मनोरे रचले असं इतिहासकार लिहून गेलेत, नंतर अलेप्पो, दमास्कस, बगदाद. 'त्या काळी सगळेच राजे तसे होते' हा बचाव तर अजिबात टिकत नाही, कारण त्या काळच्या लोकांनाही तो भयंकरच वाटला होता. इब्न अरबशाहला लहानपणी दमास्कसमधून समरकंदला नेलं गेलं, मोठेपणी त्याने तैमूरचं चरित्र लिहिलं त्यात पानोपानी दातओठ खाल्लेले दिसतात. 'त्याने मुसलमानही मारले' हा आणखी एक आवडता पॉइंट. खराय तो, मारलेल्यांमध्ये बहुतेक मुसलमानच होते, दिल्लीच्या गादीवरही तुघलकच बसला होता. पण ज्याच्या डोक्यात दिल्लीची कत्तल आहे त्याला दमास्कसची कत्तल सांगून काय समाधान मिळणार आहे?

आणि डिक्शनरीवाल्यांचं लॉजिक तर त्याहून कच्चं. औरंगजेब म्हणजे सिंहासनाची शोभा. अर्थ झकास आहे, मग? शब्दाचा अर्थ चांगला म्हणून महाराष्ट्रात कोणी ते नाव ऐकून विरघळलंय का आजपर्यंत? काहीजण तर आणखी पुढे जाऊन सांगतात की तिमूर तुर्की आणि तैमूर फारसी, म्हणजे दोन वेगळी नावं आहेत. नाहीयेत हो वेगळी. तुर्क-मंगोलांचा 'तेमूर' फारसीतून आपल्याकडे येता येता तैमूर झाला, बास. खोटा बचाव केला की खरा बचाव पण कमजोर होतो, आणि खरा बचाव इथे चांगला भक्कम आहे, फक्त तो कोणी मांडत नाही.

तो असा की हे नाव तैमूरलंगाने शोधून काढलं नव्हतं. तो जन्मला १३३६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी कुबलाई खानाचा नातू तेमूर चीनच्या गादीवर बसला होता, १२९४ ते १३०७. त्या घराण्याचा चीनमधला शेवटचा बादशहा तोगोन तेमूर. चंगेज खानाचं मूळ नाव तेमुजिन, तेही लोखंडावरूनच आलेलं. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात भर बाजारात 'ए तेमूर' अशी हाक मारली असती तर दहा जणांनी मान वळवली असती. का ठेवायचे हे नाव? कारण मुलं जगत नव्हती. तुर्की भाषा बोलणाऱ्यांमध्ये दुर्सुन किंवा तुर्सुन असं नाव असतं, म्हणजे राहू दे, थांबू दे याला, जाऊ नको देऊस. याशार म्हणजे जगणारा. सातल्मश म्हणजे विकलेला, आधीच दुसऱ्याला विकून टाकलाय तेव्हा याच्यावर नजर नको. आणि उझबेक लोकांत तोश्तेमीर असं नाव आहे, दगड अधिक लोखंड. आता हे वाचून कुठल्या मराठी माणसाला दगडू, धोंडू, भिकू आठवणार नाहीत? आधीची दोन पोरं गेली म्हणून तिसऱ्याला आजीने दगडू म्हणायचं, तोच जीव मुठीत धरलेला नवस तिकडे लोखंडावर गेला. पुण्यात दगडूशेठच्या गणपतीला हात जोडताना आपण दगड म्हणजे काय याचा विचार करत नाही. तसाच समरकंदच्या बाजारातला तेमूर नावाचा नानवाला आपल्या नावाचा विचार करत नसणार. आपलं पोलाद सुद्धा तिकडे पोरांचं नाव आहे, बोलात, बुलात, पोलात, कझाकस्तानपासून तुर्कस्तानपर्यंत.

बरं, हे झालं तैमूरच्या आधीचं. 'पण त्याच्यानंतर नाव डागाळलं ना' असं कोणी म्हणेल. मग ज्यांच्यावर तो डाग पाडला गेला त्यांनी काय केलं ते बघा. जॉर्जिया हा ख्रिश्चन देश, तैमूरने १३८६ पासून पुढे सोळा-सतरा वर्षांत तिथे पुन्हापुन्हा स्वाऱ्या केल्या, तिबिलिसी घेतलं, राजाला कैद केलं, चर्च जाळली. त्याच जॉर्जियात तेमूर, तेमुरी ही आज अगदी साधी पुरुषी नावं आहेत, इंग्लिश फुटबॉल बघणाऱ्यांना न्यूकॅसलकडून खेळलेला तेमुरी केत्सबाया आठवत असेल. तुर्कस्तान घ्या. १४०२ मध्ये अंकाऱ्याजवळ तैमूरने ऑटोमन सुलतान बायझीदला हरवून पकडला, तो कैदेतच मेला, साम्राज्य दहा वर्षं भावाभावांच्या यादवीत गेलं. तुर्कांच्या इतिहासातली एवढी मोठी नाचक्की, आणि तरी तुर्कस्तानात तिमूर आहेत, बायझीदही आहेत, बहुतेक एकाच वर्गात शेजारी बसत असतील. या लोकांना इतिहास माहीत नाही असं आहे का? की त्यांना स्वाभिमान नाही? माहीत आहे, आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, फक्त ते नाव त्यांनी एका माणसाच्या नावावर सातबारा करून दिलेलं नाही.

सोव्हिएत रशियाची गोष्ट तर याहून मजेशीर. अर्कादी गायदार या लेखकाने १९४० मध्ये मुलांसाठी एक गोष्ट लिहिली, तिचा हिरो तिमूर, तो आणि त्याची गँग गुपचूप म्हाताऱ्यांची, सैन्यात गेलेल्यांच्या घरच्यांची कामं करून देतात. लेखकाच्या स्वतःच्या मुलाचं नावही तिमूरच होतं. ती गोष्ट एवढी गाजली की देशभर मुलांची चळवळच उभी राहिली आणि 'तिमूरवाला' म्हणजे शेजारच्या आजीला पाणी भरून देणारा पोरगा असा शब्द रशियन भाषेत रुळला. एकाच वेळी सोव्हिएत इतिहासाची पुस्तकं तैमूरलंगाला रक्तपिपासू जुलमी म्हणत होती आणि रशियन आया पोरांची नावं कौतुकाने तिमूर ठेवत होत्या, आणि कुणाच्याच डोक्यात घोटाळा झाला नाही.

इथे समोरून सगळ्यात दमदार मुद्दा येतो आणि तो नीट ऐकला पाहिजे. ते सगळं तिकडे, भारतात हे नाव घेतलं की एकच माणूस डोळ्यासमोर येतो, इथे त्या नावाला दुसरं आयुष्यच नाही. शिवाय इथे ते आलं ते मुघलांच्या मिरवण्यातून, ते स्वतःला तैमूरचे वंशज म्हणवून घ्यायचे, शाहजहानने तर तैमूरची पदवी घेऊन स्वतःला दुसरा साहिब-ए-किरान, म्हणजे शुभ ग्रहयोगाचा धनी, म्हणवलं. म्हणजे भारतात हे नाव नुसतं लोखंड नव्हतं, त्यात घराण्याची शेखी होती. मान्य, पूर्ण मान्य.

पण मग सिकंदरचं काय करायचं? सिकंदर परदेशातून आला, पंजाबात लढला, मल्लांच्या मुलखात, म्हणजे आजच्या मुलतानच्या आसपास, त्याने गावंच्या गावं कापली, आणि इराणात पर्सेपोलिस जाळलं. झरथुष्ट्री धर्मग्रंथात त्याला शापित असं विशेषण कायमचं चिकटवलंय. आणि आपण? आपण म्हणतो जो जीता वही सिकंदर. क्रिकेटच्या हेडलाईनमध्ये टाकतो, पोराने स्कॉलरशिप मिळवली की कौतुकाने म्हणतो. सिकंदर चालतो आणि तैमूर चालत नाही यामागे मेलेल्यांचा हिशोब आहे का? अजिबात नाही, हिशोब आजच्या राजकारणाचा आहे, सिकंदरच्या नावाने आज इथे कोणाला टोमणा मारता येत नाही एवढंच. आणि सम्राट अशोकाचं बघा, कलिंगात एक लाख मारले आणि दीड लाख लोकांना धरून नेलं असं त्याने स्वतःच शिलालेखात कोरून ठेवलंय. ओडिशात आज अशोक नावाची माणसं गल्लोगल्ली आहेत. हो, अशोकाला पश्चात्ताप झाला आणि तैमूरला झाला नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसत नाही. पण कलिंगातल्या मेलेल्यांच्या नातेवाइकांना त्या पश्चात्तापाने किती फरक पडला असेल, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही, कारण अशोक आपला.

आणि भारतात तैमूर एकच झाला हेही खरं नाही. अटकेपार झेंडे लावले हे आपण छाती फुगवून सांगतो ना? एप्रिल १७५८ मध्ये राघोबादादा, मल्हारराव होळकर लाहोरपर्यंत गेले तेव्हा तिथून पळाला कोण? अहमदशाह अब्दालीचा मुलगा आणि पंजाबचा सुभेदार, त्याचं नाव तिमूर शाह! म्हणजे मराठ्यांच्या इतिहासात तैमूर हे नाव येतं ते आपल्यापुढून पळणाऱ्याचं. हाच पुढे अफगाणिस्तानचा बादशहा झाला आणि राजधानी कंदहारहून काबूलला नेली. हे कोणाला आठवत नाही कारण ते कुठल्याच फॉरवर्डमध्ये बसत नाही.

मग येतो हिटलर. या वादात दहाव्या कमेंटपर्यंत तो येतोच. 'जर्मनीत कोणी मुलाचं नाव अडॉल्फ ठेवतं का?' प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर असं की फारसं नाही, पण ते कोणी ट्रोल करून थांबवलेलं नाही, लोकांनी आपणहून सोडलं, कारण जखम ताजी होती, वाचलेली माणसं समोर होती आणि गुन्हा आपल्याच बापजाद्यांचा होता. तरीही हिटलरआधीचे अडॉल्फ अडॉल्फच राहिले, आदिदास काढणाऱ्या अडॉल्फ डासलरने नाव बदललं नाही, आणि स्वीडनमध्ये राजा गुस्ताव अडॉल्फच्या नावाने दर ६ नोव्हेंबरला केक खातात. नामिबियात २०२० मध्ये अडॉल्फ हिटलर असं अख्खं नाव असलेला माणूस प्रादेशिक निवडणूक जिंकला, तो वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या पक्षाचा, बिचाऱ्याला जगभरच्या पत्रकारांना सांगत बसावं लागलं की बापाने ठेवलं, मी काय करू. आणि एवढ्या लांब कशाला, तमिळनाडूत १ मार्च १९५३ ला एक मुलगा जन्मला, चार दिवसांनी मॉस्कोत स्टालिन वारला, वडिलांनी मुलाचं नाव स्टालिन ठेवलं. इथे तर 'आम्हाला अर्थ आवडला' ही पळवाट पण नाही, थेट त्या माणसावरूनच ठेवलं, आणि त्या माणसाच्या राज्यात भुकेने आणि छळछावण्यांत लाखो मेले. तो मुलगा २०२१ मध्ये मुख्यमंत्री झाला. आज चेन्नईत स्टालिन म्हटलं की कोणाच्या डोळ्यासमोर सैबेरिया येतो? लोक त्यांच्यावर टीका करतात ती धोरणांवर करतात, नावावर नाही, आणि तसंच असायला पाहिजे.

महाराष्ट्रात या वादात सगळ्यात जोरात ओरडणाऱ्यांना मला आपल्याच घरातली नावं दाखवावीशी वाटतात. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही कथा आपण शाळेपासून ऐकलीय. त्याहून पुढचं ऐका. संभाजी महाराजांना ज्या औरंगजेबाने हालहाल करून मारलं त्याच्याच छावणीत महाराजांचा मुलगा वाढला, त्याचं जन्माचं नाव शिवाजी, आणि परंपरा सांगते की शाहू हे नाव त्याला औरंगजेबाने दिलं. सुटून आल्यावर त्याने ते टाकून दिलं नाही. तो छत्रपती शाहू म्हणून साताऱ्याच्या गादीवर बसला, त्याच्या काळात मराठे दिल्लीपर्यंत गेले, आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या यशवंतरावांनी हेच नाव घेतलं आणि १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखीव ठेवल्या. आज शाहू म्हटलं की महाराष्ट्रात फुले, आंबेडकर ही पुढची दोन नावं आपोआप तोंडात येतात. नाव कुठून आलं हे विचारून कोणी माघार घेतली असती तर? आणि जहांगीर म्हणाल तर भारतरत्न जेआरडी टाटांच्या नावातला पहिला 'जे' जहांगीरचाच आहे, मुंबईत चित्रप्रदर्शन लागतं ती जहांगीर आर्ट गॅलरी आहे. कोणी तिथे जाऊन कोण हा मुघल असं विचारत नाही.

'आम्ही फक्त मत मांडतो, सक्ती कुठे करतोय' असंही म्हणतात. एका माणसाने मत मांडलं तर ते मत, हजारोंनी एका घरावर मत मांडलं की सक्तीच होते. आणि या विचाराला सरकारी शिक्का मिळाला की काय होतं ते याच तुर्की नावांच्या बाबतीत होऊन गेलंय. बल्गेरियात १९८४-८५ च्या हिवाळ्यात कम्युनिस्ट सरकारने तिथल्या तुर्क अल्पसंख्याकांची नावं जबरदस्तीने बदलली, पोलिसांनी गावांना वेढा घालून आठ लाखांहून जास्त लोकांना स्लाव्हिक नावं घ्यायला लावली, मेलेल्या आजोबा-पणजोबांची नावं सुद्धा कागदोपत्री बदलली. कारण काय दिलं? की ही नावं ऑटोमन आक्रमकांच्या गुलामगिरीची खूण आहेत. शब्द ओळखीचे वाटतात ना? नईम सुलेमानोव नावाचा बुटकासा वेटलिफ्टर होता, त्याला नौम शालामानोव करून टाकलं. तो १९८६ मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेतून पळाला, तुर्कस्तानला गेला आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये नईम सुलेमानोग्लू म्हणून गोल्ड घेतलं. १९८९ मध्ये तीन लाखांहून जास्त लोक घरदार सोडून तुर्कस्तानात गेले. तुर्कस्तानही काही साधू नाही म्हणा, तिथे कुर्दांना मुलांच्या नावात क्यू, डब्ल्यू, एक्स ही अक्षरं वापरायला वर्षानुवर्षं बंदी होती, कारण ती तुर्की मुळाक्षरांत नाहीत.

मग भांडायचं कुठे? भांडायला जागा भरपूर आहेत. पाकिस्तानने मिसाईलना घोरी, गझनवी, बाबर अशी नावं दिलीत आणि तैमूर नावाचं मिसाईल पण आहे, युद्धनौका पण आहे. तिथे नावाचा अर्थ सरळ आहे, ते शेजाऱ्याला दाखवायलाच ठेवलंय, त्यावर चिडायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. रस्त्याचं नाव, शहराचं नाव हा सार्वजनिक मान असतो, तो कोणाला द्यायचा यावर दोन्ही बाजूंनी बोलावं. आणि सगळ्यात मोठी जागा म्हणजे उझबेकिस्तान. सोव्हिएत राज्य गेल्यावर नव्या देशाला राष्ट्रपुरुष हवा होता, तेव्हा १९९३ मध्ये ताश्कंदच्या भर चौकात जिथे कार्ल मार्क्स होता तिथे घोड्यावर बसलेला अमीर तेमूर आला, खाली 'ताकद न्यायात आहे' हे त्याचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य, १९९६ मध्ये त्याच्या नावाचं म्युझियम. गंमत म्हणजे ज्या शैबानी उझबेकांवरून देशाला नाव मिळालं त्यांनीच तैमूरच्या वंशजांना, म्हणजे बाबरलाही, समरकंदमधून हाकलून दिलं होतं. इस्फहान आणि दिल्ली करून आलेल्या माणसाच्या पुतळ्याखाली न्याय हा शब्द, यावर चर्चा व्हायला नको?

आपल्याकडून आता टूर कंपन्यांचे ग्रुपच्या ग्रुप ताश्कंद-समरकंदला जातात, शास्त्रीजींच्या पुतळ्याला हार घालतात, मग त्या घोड्यासमोर सेल्फी काढतात, गोर-ए-अमीरच्या निळ्या घुमटाखाली त्याच्या थडग्यापाशी उभे राहून गाईडचं ऐकतात की अमीर तेमूर किती न्यायी होता, किती कलाप्रेमी होता. त्यांच्यापैकी कोणी हात वर करून गाईडला विचारतं का, की बाबा, ही कला करणारे कारागीर आणले कुठून आणि कसे? तो प्रश्न विचारायची ती जागा आहे. त्या गाईडचंच नाव तेमूर असू शकतं हं, तरी विचारा, त्याला राग यायचं काही कारण नाही.